दर दोन तासांनी कूस

४ जून २०२४ च्या दुपारी सगळा महाराष्ट्र टीव्हीपुढे बसून लोकसभेचे निकाल पाहत होता. त्याच वेळी नाशिकजवळच्या ओझरहून उडालेलं एक सुखोई-३० लढाऊ विमान निफाड तालुक्यातल्या शिरसगावच्या शिवारात कोसळून पेटलं. आतले दोघे वैमानिक त्याच्या काही क्षण आधी आसनासकट बाहेर फेकले गेले होते, ते पॅराशूटनं शेतात उतरले. सहा वर्षांपूर्वी, २७ जून २०१८ ला, पिंपळगाव बसवंतजवळच्या वावी ठुशीतही असंच घडलं होतं. ते विमान हवाई दलाच्या ताब्यात जाण्याआधीच पडलं. तेव्हाचेही दोन्ही वैमानिक वाचले. ओझरकरांना विमानाच्या आवाजाचं नवल नाही. १९६४ पासून हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना इथे आहे, मिग-२१ पासून सुखोईपर्यंतची विमानं इथे जुळली, आणि वसाहतीला लोक अजूनही ‘ओझर मिग’ म्हणतात. पण विमानातून असं फेकलं जाणं पाठीला केवढ्याला पडतं, याची चर्चा बातमीत होत नाही. पुनर्वसनवैद्यकाच्या दृष्टीनं खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

सुखोईतलं आसन के-३६ जातीचं, रशियातल्या झ्वेज्दा कंपनीचं. दांडी ओढली की आसनाखालचा स्फोटक दारूचा भार पेटतो, मागोमाग रॉकेट पेटतं, आणि सेकंदाच्या एका लहानशा अंशात माणूस विमानाबाहेर असतो. एवढ्या वेळात एवढा वेग गाठायचा, तर शरीराला गुरुत्वाकर्षणाच्या पंधरापट किंवा त्याहूनही जास्त ओढ सोसावी लागते. ७० किलोचा माणूस त्या क्षणी हजार किलोंहून जड होतो, आणि कमरेच्या वरचं ते सगळं वजन कण्याच्या मणक्यांवर येतं. सर्वांत जास्त ताण बसतो तो छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात त्या सांध्यावर, बाराव्या आणि पहिल्या मणक्याच्या आसपास. मणक्याची पुढची बाजू दाबली जाते आणि त्याला पाचरीसारखा आकार येतो. पाठ ताठ आणि डोकं मागे टेकलेलं असेल तर भार सरळ उतरतो. माणूस पुढे वाकलेला असेल तर मणका चेपण्याची शक्यता वाढते. म्हणून कसं बसायचं, हेही वैमानिकांना शिकवावं लागतं. वाचलेल्या वैमानिकांच्या पाठीचं स्कॅनिंग केलं की असे चेपलेले मणके पुष्कळदा सापडतात. त्यातले बरेच जण पट्टा, विश्रांती आणि मग पाठीच्या स्नायूंचा चिकाटीचा व्यायाम यांच्या बळावर काही महिन्यांनी पुन्हा विमानात बसतात.

मणका मोडूनही माणूस चालतो, याचं कारण कण्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक हाडांची माळ आणि दुसरा तिच्या पोकळीतून जाणारा मज्जारज्जू. हा रज्जू जेमतेम ४५ सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढा जाड. तो मेंदूच्या बुडापासून निघून कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली नुसत्या नसांचा झुबका असतो. द्राक्षाच्या मांडवाचा खांब वाकला म्हणून ठिबकची नळी फुटतेच असं नाही, तसंच हे. पण नळी फुटलीच, तर खांब सरळ करून पाणी येत नाही. वैमानिकाच्या आसनानं दिलेला धक्का सरळ वरच्या दिशेनं असतो, त्यामुळे मणक्याचा पुढचा भाग चेपतो आणि मागचा रज्जू बहुधा वाचतो. विहिरीत, स्लॅबवरून किंवा झाडावरून पडलेल्या माणसाचा मणका मात्र वाकडातिकडा सरकतो. मुंबई-आग्रा महामार्गावर मोटारसायकलवरून उडालेल्याचंही तेच. सरकलेलं हाड रज्जू चिरडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मज्जारज्जूच्या इजेसह जगणारी माणसं जगात दीड कोटींहून जास्त आहेत.

मराठी वाचकाला कणा म्हटलं की कुसुमाग्रजांची ‘कणा’ आठवते, आणि कवीचं बालपण याच पिंपळगावात गेलं. त्या कवितेनं आपल्याकडे कण्याला धैर्याचा अर्थ कायमचा चिकटवला. त्याचा एक तोटाही झाला, असं मला वाटतं. खाटेवर पडलेल्या पोराला भेटायला येणारा प्रत्येक जण ‘हिंमत हरू नको’ म्हणतो. पण त्याला कुशीवर वळवलं का, लघवी कधी काढली, टाचेखाली उशी आहे का, हे कुणी विचारत नाही. आणि मज्जारज्जू तुटलेला माणूस मरतो तो हिंमत खचल्यामुळे नव्हे. शतकभरापूर्वी तो दोन कारणांनी मरत असे: कुजलेल्या जखमा आणि नासलेलं मूत्रपिंड.

पहिल्या महायुद्धात ज्यांचा रज्जू तुटला, त्यांच्यातले बहुसंख्य काही महिन्यांत किंवा फार तर काही वर्षांत दगावले. इजेच्या खाली संवेदना नसते. तुम्ही-आम्ही झोपेतही दर काही मिनिटांनी चुळबुळ करतो, कारण दाबली गेलेली जागा ठणकायला लागते. ज्याला ठणका कळतच नाही, तो तासन् तास एकाच हाडावर पडून राहतो. माकडहाड, खुबा, टाच यांच्याखाली सापडलेल्या मांसातल्या केशवाहिन्या मिटतात आणि मांस मरतं. वरून कातडी नुसती लालसर दिसते, आत मात्र हाडापर्यंत पोकळी झालेली असते.

लुडविग गुटमन या ज्यू मज्जाविकारतज्ज्ञाला नाझी जर्मनीतून पळून १९३९ मध्ये इंग्लंडला यावं लागलं. १९४४ मध्ये त्यांच्याकडे लंडनजवळच्या स्टोक मँडव्हिल इथलं नवं केंद्र सोपवण्यात आलं. ज्यांच्याबद्दल डॉक्टरांनी आशा सोडली होती असे जखमी सैनिक तिथे पाठवले जात. गुटमन यांच्याकडे जादूचं औषध नव्हतं, नवं यंत्र नव्हतं. त्यांनी आणलेली गोष्ट म्हणजे एक वेळापत्रक: दिवस असो की रात्र, दर दोन तासांनी रुग्णाला कुशीवर वळवायचं. ते पाळलं जातंय की नाही, हे बघायला ते स्वतः रात्री वॉर्डात फिरत. रुग्ण जगायला लागले. जगायला लागल्यावर त्यांना कंटाळा येऊ लागला, म्हणून खेळ आले. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशी, १६ जणांनी चाकाच्या खुर्चीत बसून तिरंदाजीची स्पर्धा खेळली. आजचं पॅरालिंपिक तिथून निघालं. जिथे सुरुवात कूस बदलण्यापासून झाली, तिथे शेवट सुवर्णपदकापाशी झाला, हे मला वैद्यकाच्या इतिहासातलं एक मोठं नवल वाटतं.

त्या पदकांपैकी एक सांगली जिल्ह्यात आलं. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते, मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. कुठल्याही भारतीयाचं पॅरालिंपिकमधलं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं आणि ‘चंदू चॅम्पियन’ चित्रपटामुळे नव्या पिढीला नाव कळलं ते २०२४ मध्ये. पुण्याजवळ खडकीला अशा सैनिकांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ मध्ये उभं राहिलं. सामान्य नागरिकांसाठी मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. ‘फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन’ ही एमबीबीएसनंतरची स्वतंत्र पदव्युत्तर शाखा आहे. तिचा डॉक्टर म्हणजे हाडांचा डॉक्टर नव्हे आणि फिजिओथेरपिस्टही नव्हे. फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, कृत्रिम अवयव करणारा आणि घरचे लोक या सगळ्यांना एकत्र जुंपण्याचं काम त्याचं. ही शाखा आहे हेच शहरातल्या शिकलेल्या माणसांनाही ठाऊक नसतं.

मृत्यूचं दुसरं कारण मूत्रपिंडाचं. मूत्राशय भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही आणि ते रिकामं करण्याचा हुकूम खाली येत नाही. लघवी साचते, उलट दिशेनं मूत्रपिंडावर दाब येतो, जंतू वाढतात. कायमची नळी ठेवली तर तीच जंतूंची वाट होते. अनेक वर्षं रुग्णालयं निर्जंतुक हातमोजे, निर्जंतुक नळी, निर्जंतुक कापड अशा सोपस्कारात अडकली होती. ते सगळं घरी कोण करणार? १९७२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले मूत्रविकारतज्ज्ञ जॅक लॅपिडिस यांनी दाखवलं की निर्जंतुक असण्याची गरज नाही, स्वच्छ असलं की पुरे. त्यांचा तर्क असा होता की मूत्राशय फुगून त्याच्या भिंतींचा रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून जंतूंना तिथे फावतं. वेळेवर रिकामं करत राहिलं तर थोडेफार जंतू शरीर स्वतःच निपटतं. म्हणजे साबणानं हात धुवायचे, नळी धुवायची, चार ते सहा तासांनी स्वतःच घालून लघवी काढायची आणि नळी काढून टाकायची. तेव्हा अनेक सहकाऱ्यांना हा आगाऊपणा वाटला. पण या एका साध्या पद्धतीनं किती मूत्रपिंडं वाचवली, याचा हिशोब लागणार नाही. नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या वस्तीवर, जिथे नळाला दिवसाआड पाणी येतं, तिथेही ती चालते. म्हणूनच मी तिला गेल्या पन्नासेक वर्षांतल्या मोठ्या शोधांत धरतो, जरी तिच्या बातम्या कधी झाल्या नाहीत.

बातम्या होतात त्या विजेच्या. आणि त्यामागचं विज्ञान खरोखर देखणं आहे, हेही सांगायला हवं.

चालणं मेंदू शिकवतो, अशी आपली समजूत. पण १९११ मध्ये ग्रॅहम ब्राउन यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की मेंदूशी संबंध तोडलेला मज्जारज्जूही पाय आळीपाळीनं हलवण्याचा ताल स्वतः निर्माण करू शकतो. ताल खालीच आहे. वरून येतो तो ‘चल’ एवढा इशारा. मग रज्जू तुटल्यावर खालचा ताल जिवंत असेल, पण त्याला जागं करणारा कुणी नसेल, तर? अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या संशोधकांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एका तरुणाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या मज्जारज्जूच्या आवरणावर विद्युत्‌अग्रांची पट्टी बसवली, सौम्य प्रवाह सोडला, आणि पाय पूर्ण लुळे असलेला तो माणूस स्वतःच्या पायांवर उभा राहिला. २०१८ मध्ये तीन वेगवेगळ्या संस्थांनी काही आठवड्यांच्या अंतरानं जाहीर केलं की त्यांचे काही रुग्ण पावलंही टाकू लागले. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे ग्रेगॉर कुर्तीन आणि शल्यचिकित्सक जोसेलिन ब्लॉक यांच्या गटानं एक युक्ती केली. त्यांनी प्रवाह सतत न सोडता पाऊल उचलण्याच्या नेमक्या क्षणी, नसेच्या नेमक्या मुळाशी सोडला. २०२३ मध्ये त्यांनी नेदरलँड्सच्या एका गृहस्थाच्या मेंदूच्या पृष्ठभागावरून हालचालीचा विचार टिपला आणि सोबत वागवायच्या लहानशा संगणकातून तो तुटलेल्या जागेच्या पलीकडे पोचवला. बारा वर्षांपूर्वीची इजा. तो चालला, जिना चढला. आणि महिनोन्‌महिन्यांच्या सरावानंतर यंत्र बंद असतानाही कुबड्यांवर थोडं चालू लागला, म्हणजे उरल्यासुरल्या तंतूंनी नवे जोड बांधले होते.

यातला एक शोध मला यंत्रापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. याच गटानं २०२२ मध्ये असं प्रवाहाचं उद्दीपन आणि व्यायाम घेतलेल्या नऊ जणांचा अभ्यास मांडला. चालणं सुधारलं तेव्हा रज्जूतल्या पेशींची सक्रियता वाढलेली असेल, अशी अपेक्षा होती. ती कमी झालेली निघाली. सरावानं रज्जूनं नको त्या पेशींना गप्प केलं होतं आणि थोड्याच पेशींवर काम भागवायला तो शिकला होता. उंदरांमध्ये काम भागवणाऱ्या या पेशी ओळखताही आल्या. त्या बंद केल्या की सुधारणा थांबे. वीज ही कवाड उघडते, पण आत शिरून घर लावायचं काम सरावाचंच राहतं.

अशा चालणाऱ्या रुग्णांचे व्हिडिओ आपल्या फोनवर येतात तेव्हा वर लटकवलेला पट्टा, दोन्ही बाजूंचे थेरपिस्ट आणि निवडीतून बाहेर राहिलेले रुग्ण चौकटीत दिसत नाहीत. मागोमाग ‘स्टेम सेलनं मुलगा चालेल’ असं सांगणारे फोनही येतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मज्जारज्जूच्या इजेवर अशा पेशी मान्यताप्राप्त चाचणीबाहेर, पैसे घेऊन देता येत नाहीत. चाचणी असेल तर रुग्णाकडून पैसे मागितले जात नाहीत. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी बागेचा तुकडा विकण्याची वेळ टळते.

पुनर्वसनातल्या संशोधनाची दुसरी एक जात आहे, ती फारशी मिरवत नाही: नेहमी करत आलो ते खरंच उपयोगी आहे का, असं विचारणारी. अमेरिकेत ब्रूस डॉबकिन यांनी २००६ मध्ये १४६ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना छताला टांगलेल्या पट्ट्यात अडकवून ट्रेडमिलवर चालवलं, निम्म्यांना साध्या जमिनीवर, तितकाच वेळ. शेवटी दोन्ही गट सारखेच चालले. यंत्र हरलं असं नव्हे. वेळ आणि मेहनत सारखी दिली की यंत्राचं वेगळं काही उरलं नाही, एवढाच अर्थ. जिल्ह्याच्या ठिकाणी ज्यांच्याकडे फक्त दोन समांतर दांड्या आणि एक थेरपिस्ट आहे, त्यांनी ही चाचणी फ्रेम करून लावावी. ऑस्ट्रेलियातल्या लिसा हार्वी यांनी तर आणखी जुन्या सवयीला हात घातला. सांधे आखडू नयेत म्हणून रुग्णाचे पाय ताणून धरायचे, हे प्रत्येक वॉर्डात रोज चालतं. त्यांच्या २०१७ च्या आढाव्यात अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर नुसत्या ताणण्यानं सांध्याच्या हालचालीत जाणवण्याइतका फरक पडत नाही असं दिसलं. थेरपिस्टचा तो वेळ मग खुर्चीतून खाटेवर जायला शिकवण्यात का जाऊ नये?

दोन तासांच्या नियमाचीही अशी उलटतपासणी झाली. २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या वृद्धाश्रमांमध्ये, धोका असलेल्या ९४२ वृद्धांवर एक चाचणी झाली. चांगल्या दाट फोमच्या गादीवर झोपलेल्या या लोकांना कुणाला दर दोन तासांनी, कुणाला तीन, कुणाला चार तासांनी वळवलं. जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. ही माणसं वृद्ध होती, मज्जारज्जू तुटलेली नव्हती, त्यामुळे त्यावरून कमरेखाली लुळ्या पडलेल्या रुग्णाला सूट देता येणार नाही. कापसाच्या गादीवर तर नाहीच. पण घरात रात्री उठणारी व्यक्ती बहुधा आई किंवा बायको असते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या आकड्यांचं मोल कळेल. दर दोन तासांनी गजर लावून महिनोन्‌महिने जागणारी बाई सहाव्या महिन्यात स्वतः आजारी पडते. चांगली गादी ही रुग्णापेक्षाही तिच्यासाठीची गुंतवणूक आहे. डॉक्टरांनी घरच्यांना रोज सकाळी कातडी पाहून, ती लाल न पडता कितपत टिकते हे बघत, अंतर हळूहळू वाढवायला शिकवावं. आरसा घेऊन रुग्णानं स्वतःच पाहावं, हे उत्तम.

मग रुग्णाला स्वतःला काय हवं असतं? संशोधकांनी हे विचारायला बरीच वर्षं घेतली. किम अँडरसन या अमेरिकी संशोधिका स्वतः मज्जारज्जूच्या इजेसह जगतात. त्यांनी २००४ मध्ये ६८१ जणांना विचारलं की कोणती एक गोष्ट परत मिळाली तर आयुष्य सर्वांत जास्त सुधारेल. मानेतली इजा असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचं उत्तर होतं: हात. छाती-कमरेतली इजा असलेल्यांचा पहिला क्रमांक लैंगिक सुखाला होता. मूत्राशय, आतडी, धडाचा तोल हेही वर होते. चालणं दोन्हींपैकी कुठल्याच गटात पहिलं नव्हतं. उभ्या माणसांना वाटतं की बसलेल्याला उभं राहायचंय, आणि पैसा, कॅमेरे, यंत्रं सगळं त्या समजुतीमागे जातं. बसलेल्या माणसाला मात्र चमचा धरायचा असतो, शर्टाची गुंडी लावायची असते, लग्नात कपडे ओले होण्याच्या भीतीविना दोन तास बसायचं असतं. लैंगिक सुखाबद्दल तर आपल्याकडे डॉक्टर बोलत नाही, रुग्ण विचारत नाही आणि नव्यानं लग्न झालेली बायको माहेरी जाते. त्यावर औषधं आणि उपाय आहेत, मुलंही होऊ शकतात, हे कुणीतरी खाटेशेजारी बसून सांगायला हवं.

हाताबाबत अलीकडे खरोखर काही हाती आलंय. मानेच्या सहाव्या नसेपाशी इजा असली तर कोपर वाकतो, मनगट उचलतं, पण बोटं मिटत-उघडत नाहीत. मेलबर्नच्या शल्यचिकित्सक नताशा व्हॅन झिल यांच्या गटानं चालू असलेल्या स्नायूकडे जाणारी नसेची एखादी फांदी कापून ती बंद पडलेल्या नसेला जोडली. त्या स्नायूला आणखी साथीदार असतात, त्यामुळे तो फारसा कमजोर होत नाही. जोडलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ला त्यांनी १३ तरुणांचे दोन वर्षांनंतरचे निकाल दिले: बहुतेकांना कोपर सरळ करता येऊ लागला, वस्तू धरता-सोडता येऊ लागल्या, खुर्ची स्वतः ढकलता येऊ लागली. कंडरा हलवून हाताची पकड परत आणण्याची विद्या तर आपल्याकडे त्याहून जुनी आहे. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरोग्यांच्या हातांवर ती सुरू केली, आणि पुढे मुंबईत डॉ. नोशिर अँटिया यांनी कुष्ठरोग्यांच्या पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियांना आयुष्य दिलं. म्हणजे हत्यारं इथे आहेत, हातही आहेत. मज्जारज्जूच्या रुग्णाला त्या टेबलापर्यंत पाठवणारा माणूस मात्र क्वचित भेटतो.

शस्त्रक्रियेशिवायचा मार्गही निघतोय. मानेच्या कातडीवर चिकटवलेल्या पट्ट्यांतून प्रवाह सोडणाऱ्या उपकरणाची चाचणी मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ६० रुग्णांना आधी दोन महिने फक्त हाताचा व्यायाम दिला, मग दोन महिने व्यायाम आणि वीज दोन्ही. त्यांच्यातल्या ७२ टक्क्यांची ताकद आणि हाताचं काम दोन्ही सुधारलं. त्यात इजा होऊन तीन दशकं उलटलेले लोकही होते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याला परवानगी दिली. चाचणीत नियंत्रण गट वेगळा नव्हता, म्हणून मी टाळ्या जरा जपून वाजवतो. पण त्या चाचणीतही वीज एकटी दिलेली नव्हती; व्यायाम होताच.

निफाड तालुक्याकडे परत पाहू. इथे पायलट क्वचित पडतो. ऑक्टोबर छाटणीच्या घाईत मजुरांनी भरलेली पिकअप उलटते, गवंडी परातीसकट खाली येतो, विहिरीच्या काठावरचा दगड निसटतो. त्या पहिल्या अर्ध्या तासात लोक जीव लावून चूक करतात: दोघे खांदे, दोघे पाय धरून माणसाला झोळीसारखं उचलतात. सरकलेल्या मणक्यानं अर्धवट दाबलेला रज्जू तिथे पूर्ण चिरडला जाऊ शकतो. डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून, तिघा-चौघांनी एकाच वेळी कुशीवर वळवून, खाली फळी किंवा दार सरकवायचं. १०८ ची गाडी येईपर्यंत मान हातांनी धरून ठेवायची. ओझरहून नाशिककडे जाताना लागणाऱ्या आडगावला मोठं मेडिकल कॉलेज आहे, त्यामुळे मणका स्थिर करणारी शस्त्रक्रिया बहुधा होते. अडचण त्यानंतर सुरू होते. डिस्चार्ज कार्डावर शेवटी ‘फिजिओथेरपी सुरू ठेवा’ अशी ओळ येते आणि रुग्ण उंबरे, ओटे आणि उकिडवं बसून वापरायचं शौचालय असलेल्या घरात परततो, जिथे व्हीलचेअर दारातच अडते.

त्या कार्डावर आणखी काय लिहायला हवं, हे एव्हाना वाचकाला बरंचसं ठाऊक आहे: कूस किती तासांनी, गादी कोणती, नळी स्वतः घालायला शिकवली का, आणि छातीच्या सहाव्या नसेच्या वर इजा असेल तर अचानक डोकं ठणकून घाम फुटला की आधी रक्तदाबाच्या गोळीकडे नव्हे, तुंबलेल्या मूत्राशयाकडे बघा. त्यात एक तारीखही असावी. मेलबर्नची शस्त्रक्रिया इजेला दीड वर्ष उलटण्याआधीच्या रुग्णांवर केली होती, कारण नस तुटलेला स्नायू काही काळानं कायमचा विझतो. ऑक्टोबर छाटणीला पडलेल्या माणसाचे हात तपासून ‘याची नस जोडता येईल का’ हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या हात-शल्यचिकित्सकाला विचारायचा, तर तो पुढच्या छाटणीच्या आत विचारावा लागेल.